असिनेल्लीच्या मनोऱ्यावरून

नारळ आणि सुपारी एकाच उंचीवरून एकाच क्षणी सोडली, तर जमिनीवर आधी काय पोहोचेल? धर्मशिक्षणाच्या वर्गात एका रविवारी मी हा प्रश्न सहज विचारला. "नारळ!" असे मुलांनी एका सुरात सांगितले. मागच्या बाकावर बसलेल्या दोघातिघा पालकांनीही माना डोलावल्या. वर्ग सुटल्यावर चर्चच्या सज्जातून आम्ही दोन्ही वस्तू एकदम सोडून पाहिल्या. फरशीवर आवाज एकच आला. मुले आधी गप्प झाली, मग "पुन्हा, पुन्हा" म्हणून ओरडू लागली.

त्या गलक्यात आठवीतील एक मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "फादर, हेच गॅलिलिओने पिसाच्या मनोऱ्यावरून दाखवलं, म्हणून चर्चने त्याला तुरुंगात टाकलं ना?"

प्रश्न निरागस होता. परंतु उत्तर देताना मी अडखळलो. त्या एका वाक्यात दोन-तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. प्रत्येकीत काही खरे होते, काही खोटे होते, आणि जे खरे होते ते आपल्याला खाली मान घालायला लावणारे होते. "पुढच्या रविवारी सांगतो," एवढेच म्हणून मी वेळ मारून नेली. त्या आठवड्यात मी जे वाचले, जे आठवले आणि जे जुळवले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा वेगाने पडते, हे मत ॲरिस्टॉटलचे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील हा ग्रीक तत्त्वज्ञ म्हणे, की प्रत्येक वस्तूला आपले नैसर्गिक स्थान असते; मातीचे ते मातीकडे धावते, आणि वजन जितके अधिक तितकी त्याची धाव अधिक. रोजच्या अनुभवाला हे पटण्याजोगे होते. पिंपळाचे पान गिरक्या घेत उतरते, दगड सरळ खाली येतो. त्यामुळे दोन हजार वर्षे विद्यापीठांतून हेच शिकवले गेले. मात्र या काळात कोणालाच शंका आली नाही, असे मानणे चूक होईल. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचे ख्रिस्ती विद्वान जॉन फिलोपोनस यांनी या मतावर उघड आक्षेप घेतला. चौदाव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठातील ज्याँ ब्युरिदान या धर्मगुरूंनी पडणाऱ्या वस्तूचा वेग का वाढत जातो याची मीमांसा केली. सोळाव्या शतकात डोमिनिकन संघाचे स्पॅनिश धर्मपंडित दोमिंगो दे सोतो यांनी हा वेग एकसारखा वाढत जातो असे लिहिले. १५८६ साली हॉलंडमधील सिमोन स्टेव्हिनचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एक गोळा दुसऱ्याच्या दहापट जड, असे शिशाचे दोन गोळे त्याने तीस फुटांवरून सोडले होते. दोहोंचा आवाज एकच आला. आमच्या सज्जातल्या नारळ-सुपारीचा हा चारशे वर्षांपूर्वीचा अवतार म्हणावा लागेल.

गॅलिलिओचे मोठेपण याच्या पुढचे आहे. वस्तू किती वेळात किती अंतर पडते, याचा नेमका नियम त्याने मांडला. सरळ पडणारी वस्तू मोजण्याइतके घड्याळ त्या काळी नव्हते. म्हणून लाकडी फळीला लांब खाच पाडून, फळी तिरपी करून, त्या खाचेतून त्याने कांशाचा गोळा घरंगळत सोडला आणि भांड्यातून गळणाऱ्या पाण्याचे वजन करून वेळ मोजला. पहिल्या क्षणात वस्तू जेवढे अंतर जाते त्याला एक म्हटले, तर दुसऱ्या क्षणात ती तीन, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात इतके अंतर जाते. यांची बेरीज करीत गेले, की एक, चार, नऊ, सोळा असे आकडे येतात. म्हणजे एकूण अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे छापलेल्या त्याच्या अखेरच्या ग्रंथात हे सर्व आहे. पिसाच्या मनोऱ्याची गोष्ट मात्र त्याच्या स्वतःच्या लेखनात नाही. ती त्याचा शिष्य विव्हियानी याने लिहिलेल्या चरित्रात आहे. हे चरित्र १६५४ साली, गुरूच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी लिहिले गेले आणि १७१७ साली छापले गेले.

गॅलिलिओवरील खटला वस्तूंच्या पडण्यावरून झाला नाही. तो झाला पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मतावरून. २२ जून १६३३ रोजी रोममध्ये त्याला गुडघे टेकून आपले मत नाकारावे लागले आणि उरलेले आयुष्य त्याने नजरकैदेत काढले. ८ जानेवारी १६४२ रोजी फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री येथे, दृष्टी गेलेल्या अवस्थेत, तो वारला. ही गोष्ट मऊ शब्दांत गुंडाळून सांगण्यात अर्थ नाही.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या गृहस्थाकडे वळू. फादर जोव्हान्नी बात्तिस्ता रिच्चोली हे येशूसंघीय धर्मगुरू. संत फ्रान्सिस झेवियर याच संघाचे, आणि १६१६ साली आपल्या मराठीला 'क्रिस्तपुराण' देणारे फादर थॉमस स्टीफन्सही याच संघाचे. रिच्चोली यांचा जन्म १५९८ चा, इटलीतील फेर्रारा नगरीचा. सोळाव्या वर्षी, १६१४ साली, ते संघात दाखल झाले आणि पुढे बोलोन्याच्या येशूसंघीय विद्यालयात अध्यापन करू लागले. खगोलशास्त्र हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. पृथ्वी फिरते हे त्यांना मान्य नव्हते. या प्रश्नावर ते गॅलिलिओच्या विरुद्ध बाजूचे. वस्तूंच्या पडण्याविषयी गॅलिलिओने सांगितलेले प्रमाणही चुकीचे असावे, अशी त्यांची आरंभी समजूत होती.

इथे एखाद्याने ग्रंथांतले जुने आधार काढून प्रतिपक्षाला झोडपले असते. रिच्चोली यांनी तसे केले नाही. स्वतः वस्तू टाकून, स्वतः मोजून पाहायचे त्यांनी ठरवले. त्यांच्या जोडीला होते फादर फ्रांचेस्को मारिया ग्रिमाल्दी, वयाने वीस वर्षांनी लहान, बोलोन्याचेच सुपुत्र. पुढे प्रकाशाचा किरण सूक्ष्म फटीतून जाताना किंचित पसरतो, हा शोध लावणारे ते हेच ग्रिमाल्दी.

पहिली अडचण वेळ मोजण्याची. दगड तीन-चार सेकंदांत खाली येतो. ते तीन-चार सेकंद मोजायचे कशाने? लंबकाचे घड्याळ हॉलंडमध्ये तयार झाले ते १६५६ साली. रिच्चोलींजवळ होता नुसता लंबक, म्हणजे साखळीला टांगलेला गोळा. एक झोका बरोबर एका सेकंदाचा करायचा, तर साखळीची लांबी किती ठेवावी? त्यासाठी पूर्ण दिवसाचे झोके मोजायला हवेत. १६४२ च्या एप्रिल महिन्यात, म्हणजे गॅलिलिओच्या मृत्यूनंतर तिसऱ्या महिन्यात, रिच्चोली यांनी आपल्या संघातील नऊ धर्मगुरूंना या कामाला बसवले. आज दुपारपासून उद्या दुपारपर्यंत, चोवीस तास, पाळीपाळीने ते झोके मोजत राहिले. लंबक थांबू नये म्हणून त्याला अधूनमधून हलकेच ढकलावेही लागत होते. दिवसाचे सेकंद ८६,४००. झोके भरले ८७,९९८. फरक शंभरात दोनहून कमी. आपल्यासारख्याने यावर समाधान मानले असते. रिच्चोलींनी साखळीची लांबी बदलून मोजणी पुन्हा केली. एवढ्यानेही भागेना, तेव्हा रात्री विशिष्ट तारे मध्यान्हरेषा ओलांडतात त्या वेळांशी झोके ताडून पाहिले. त्या जागरणांना मात्र नऊच्या नऊ जण टिकले नाहीत. ग्रिमाल्दी शेवटपर्यंत राहिले.

सेकंदाचा लंबक हाती आल्यावर त्याच्या आधाराने त्यांनी एक अगदी आखूड लंबक बनवला, सेकंदाला सहा झोके घेणारा. त्याची गती इतकी जलद, की नुसत्या डोळ्यांनी मोजणे कठीण. म्हणून झोक्यांबरोबर तोंडाने तालात आकडे म्हणण्याचा सराव केला गेला. प्रार्थनागीते एकसुरात म्हणण्याची सवय असलेल्या मंडळींना ते जमले असावे.

दुसरी गरज उंचीची. ती बोलोन्यात आयती होती. नगराच्या मध्यभागी मध्ययुगीन काळातील दोन विटांचे मनोरे शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांपैकी उंच तो असिनेल्लीचा. आज त्याची उंची सुमारे ९७ मीटर सांगतात. रिच्चोलींनी ती त्या वेळच्या रोमन फुटांत ३१२ भरवली. १६४० पासून १६५० पर्यंतच्या दशकात या मनोऱ्यावरून आणि नगरातील चर्चेसच्या मनोऱ्यांवरून त्यांनी व ग्रिमाल्दींनी पुन्हा पुन्हा मातीचे गोळे सोडले. प्रत्येक गोळ्याचे वजन आठ औंस ठेवलेले. कधी ही उंची, कधी ती. आणि तोंडाने आकड्यांचा ताल.

जे हाती आले ते असे. लंबकाच्या ५ झोक्यांत गोळा १० फूट पडे. १० झोक्यांत ४० फूट. १५ झोक्यांत ९० फूट. २० झोक्यांत १६० फूट. २५ झोक्यांत २५० फूट. यांतील एकेक टप्पा वेगळा काढला तर तो १०, ३०, ५०, ७०, ९० फूट असा येतो. एक, तीन, पाच, सात, नऊ. फळीवरून गोळे घरंगळवून गॅलिलिओने जे सांगितले होते, तेच मनोऱ्यावरून सरळ पडणाऱ्या गोळ्यांनी सांगितले.

ज्याचे मत खोडण्यासाठी खटाटोप आरंभला, तोच खरा ठरला. अशा वेळी माणूस काय करतो? वही मिटून ठेवतो, आकड्यांत दोष काढतो, निदान काही दिवस गप्प बसतो. रिच्चोली ग्रिमाल्दींना बरोबर घेऊन लगोलग बोनाव्हेंतुरा कॅव्हालिएरी यांच्याकडे गेले. कॅव्हालिएरी हे बोलोन्याच्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक आणि गॅलिलिओचे शिष्य. तेही संन्यस्त होते, परंतु येशूसंघाचे नव्हेत; नावाने जवळच्या वाटणाऱ्या 'जेझुआती' या वेगळ्या संघाचे. म्हणजे हे दोघे प्रतिपक्षाच्या दारी गेले, आणि तेही 'तुमच्या गुरूचा नियम बरोबर आहे' हे सांगण्यासाठी. पुढे १६५१ साली रिच्चोलींचा 'नवा अल्माजेस्ट' हा दीड हजारांवर पानांचा लॅटिन ग्रंथ बोलोन्यात प्रसिद्ध झाला. त्यात प्रयोगाची रीत, लंबकांची मोजणी, फसलेल्या आकड्यांसकट, सविस्तर छापली आहे. कोणालाही ती पडताळून पाहता यावी, हा त्यामागचा हेतू.

जिथे गॅलिलिओ चुकला होता तिथे तसेही त्यांनी दाखवून दिले. १६३२ च्या ग्रंथात गॅलिलिओने लोखंडी गोळा पाच सेकंदांत शंभर हात पडतो असा आकडा दिला होता. तो हात आपल्या मापाने ६० सेंटिमीटरांच्या आतबाहेरचा, म्हणजे अंतर साठएक मीटर. वास्तविक पाच सेकंदांत वस्तू १२० मीटरांच्याही पुढे जाते. प्रमाण बरोबर, आकडा निम्म्यावर. रिच्चोलींच्या मते पहिल्या सेकंदात वस्तू १५ रोमन फूट पडते. मनोऱ्याच्या उंचीवरून त्यांच्या फुटाचे माप काढले, तर हे अंतर सुमारे ४.७ मीटर होते. आजचे माप ४.९ मीटर आहे. साखळीला टांगलेला गोळा आणि माणसाचा आवाज एवढ्या साधनांवर ही जवळीक साधली गेली.

आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली. एकाच आकाराचे दोन गोळे, एक भरीव आणि दुसरा पोकळ, मनोऱ्यावरून सोडले, तर भरीव जमिनीला टेकताना पोकळ गोळा अजून काही फूट वर असतो. मग ॲरिस्टॉटल खरा की काय? तसे नव्हे. हा खेळ हवेचा. हवेचा अडथळा दोन्ही गोळ्यांना सारखाच, पण हलक्याला तो अधिक जाणवतो. आमच्या सज्जाइतक्या कमी उंचीवर हा फरक कानाला कळत नाही. असिनेल्लीच्या माथ्यावरून कळतो. हवा नसेल तर काय होते, ते २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर दाखवले. त्यांनी हातोडा आणि पीस एकदम सोडले. दोन्ही एकाच वेळी चंद्राच्या धुळीत पडले.

पण वस्तू पडतेच का, याचे उत्तर रिच्चोलींजवळ नव्हते आणि गॅलिलिओजवळही नव्हते. पृथ्वीच्या अंगी आकर्षणाची शक्ती आहे, असे भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणि'त नोंदवले होते. त्यांच्या कुळाची माहिती देणारा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. त्या आकर्षणाचा गणिती नियम दिला न्यूटनने, १६८७ साली. प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूला ओढते. अंतर दुप्पट झाले की ओढ चौथाईवर येते. मग जड नारळाला पृथ्वी अधिक ओढत असूनही तो सुपारीच्या पुढे का धावत नाही? शेतकऱ्याला हे चटकन समजेल. एक बैल एक ओझे ओढतो. ओझे दुप्पट केले आणि बैलही दुप्पट केले, तर गाडी पहिल्याच चालीने चालते. नारळावर ओढ जेवढ्या पटीने अधिक, तेवढ्याच पटीने त्याला हलवणेही अवघड. म्हणून दोघांचा वेग दर सेकंदाला सारखाच, सुमारे ९.८ मीटरने वाढत जातो. न्यूटनने आणखी दाखवले, की चंद्रही याच ओढीने सतत पृथ्वीकडे पडत असतो. तो पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट दूर असल्यामुळे, आपल्याकडचा दगड एका सेकंदात जेवढा पडतो, तेवढा पडायला चंद्राला एक मिनिट लागते.

रिच्चोलींना देवदूत करून ठेवणे हाही असत्याचाच एक प्रकार होईल. त्याच ग्रंथात त्यांनी पृथ्वीच्या गतीच्या बाजूची ४९ आणि विरुद्धची ७७ प्रमाणे तपासली, कोपर्निकसच्या बुद्धीची मनापासून स्तुती केली, आणि अखेर निकाल दिला तो पृथ्वी स्थिर असल्याचा. गॅलिलिओला दिलेल्या शिक्षेचा मजकूरही त्यांनी त्यात छापला. त्यांचा एक आक्षेप तर मोठा मार्मिक होता. पृथ्वी फिरत असेल, तर उत्तरेकडे डागलेला तोफेचा गोळा किंचित बाजूला सरकायला हवा. तसे कोठे दिसते? तर्क अचूक होता. गोळा खरोखरच सरकतो. पण इतका थोडा, की त्या काळच्या तोफांवरून तो कळणे शक्य नव्हते. पुढे १६७९ साली न्यूटनने सुचवले, की उंचावरून सोडलेली वस्तू पृथ्वीच्या फिरण्यामुळे किंचित पूर्वेकडे पडावी. हे पाहण्यासाठी १७९० नंतरच्या एक-दोन वर्षांत जोव्हान्नी बात्तिस्ता गुल्येल्मिनी या बोलोन्याच्या संशोधकाने गोळे सोडले, तेही असिनेल्लीच्याच मनोऱ्यातून. ते बोटाच्या रुंदीइतके पूर्वेकडे पडले. मोजणीत काही दोष होते, तरी दिशा बरोबर होती. ज्या मनोऱ्याने रिच्चोलींच्या हातून गॅलिलिओचा एक नियम सिद्ध करवला, त्यानेच दीडशे वर्षांनी रिच्चोलींची चूकही दाखवून दिली.

ख्रिस्तसभेलाही आपली चूक मान्य करायला वेळ लागला. गॅलिलिओचा ग्रंथ निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून वगळला गेला १८३५ साली. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीपुढे बोलताना, त्या काळच्या धर्मपंडितांची या प्रकरणात चूक झाली हे स्पष्टपणे मान्य केले. शिक्षेपासून साडेतीनशेहून अधिक वर्षे लोटली होती. या दिरंगाईचे समर्थन मी करू इच्छीत नाही. परंतु त्याच इतिहासात, त्याच वर्षांत, झगा घातलेले दोन धर्मगुरू रात्री जागून झोके मोजत होते आणि आपल्याविरुद्ध गेलेला आकडा जसाच्या तसा लिहून ठेवीत होते, हेही आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे. पहिली गोष्ट लपवली तर मुले आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत. दुसरी सांगितली नाही, तर श्रद्धा आणि शोध यांचे जन्माचे वैर आहे असे ती समजून बसतील.

रिच्चोली आणि ग्रिमाल्दी यांनी चंद्राचा नकाशाही तयार केला. त्यातील डागांना व विवरांना रिच्चोलींनी दिलेली नावे आजही चालतात. एका भव्य विवराला त्यांनी कोपर्निकसचे नाव दिले. १९६९ साली माणसाने चंद्रावर पहिले पाऊल ठेवले ते 'शांतिसागर' या प्रदेशात. ते नावही त्यांचेच.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाला हे सर्व थोडक्यात सांगितले. पिसाची गोष्ट बहुधा शिष्याने रंगवलेली. शिक्षा झाली ती पृथ्वीच्या गतीवरून, आणि ती अन्यायाची होती. पडण्याचा नियम मनोऱ्यावरून पडताळून पाहिला तो एका धर्मगुरूने, आणि तो गॅलिलिओच्या बाजूचा नव्हता. मुलाने थोडा विचार केला आणि विचारले, "फादर, आपण हरलो म्हणून त्यांना वाईट वाटलं असेल का?"

मी म्हणालो, "बाळा, ते मला माहीत नाही. पण मनोऱ्यावरून उतरल्यावर ते गॅलिलिओच्या शिष्याच्या घरी गेले, एवढं माहीत आहे."